सहा शब्दांची दवंडी

"चाळीस ओळी! चाळीस ओळी लिहिल्या होत्या मी, आणि तू सहा शब्द ओरडून मोकळा झालास?"

बोरगडचे राजे अनंगराव गरजले. समोर दवंडीवाला सटवाजी मान खाली घालून उभा. त्याची हलगी शिपायाने काढून घेतलेली. राजे मनाने वाईट नव्हते हो, पण स्वतःच्या लिहिण्यावर भारी खूश! तळ्याचं दार उघडायचं होतं, तर हुकूम काय लिहिला? 'सकलजनहितार्थ जलसंचयाच्या स्वच्छंद प्रवाहास प्रातःकाली मुक्तद्वार लाभणार असल्याकारणे...' आणि असंच पुढे पानभर! सटवाजीने आपली हलगी वाजवली आणि ओरडला, "उद्या पाणी सुटणार, नदीत उतरू नका!" सगळं गाव घरी थांबलं. एक शेळीसुद्धा वाहून गेली नाही.

"महाराज, माझ्या बाचं चुकलं काय?" सटवाजीची लेक सगुणा पुढे आली.

"अस्सं? मग तूच सांग, माझ्या हुकुमातला कोणता शब्द जास्तीचा होता? दाखवलास तर राजाला नावं ठेवलीस, हलगी जप्त! नाही दाखवलास तर तुझ्या बापाने चांगले शब्द टाकून दिले, तरी हलगी जप्त! बोल आता!"

हलगी गेली की सटवाजीच्या घरची चूल थंडच म्हणायची.

उन्हाचे दिवस होते. तेवढ्यात राजांसाठी गूळ-पाणी आलं. राजांनी रागारागाने गुळाचा खडा करकर चावला, चुरा सगळा मांडीवर! सगुणाची नजर राजांच्या पायाकडे गेली. तिने झटकन हात जोडले.

"महाराज, मी अडाणी. पण हुकूम असेल तर आपल्याच थाटात एक अर्ज करते."

"माझ्या थाटात? कर, कर!" राजे रेलून बसले.

"हे सकलगुणमंडित, विद्याविभूषित बोरगडभूषणा! आपल्या कमलकोमल चरणांच्या सान्निध्यात..."

"वाहवा!"

"...मधुर पदार्थाच्या मोहाने आकर्षित झालेला, कृष्णवर्ण, षट्पद, देहाने सूक्ष्म परंतु दंताने उग्र असा एक प्रवासी..."

"बहोत खूब! पुढे?"

"...मंद मंद पावले टाकीत, ऊर्ध्व दिशेने प्रस्थान करून, आपल्या राजस पोटरीचे..."

"आई गं! मेलो!"

राजे ताडकन उठले आणि एका पायावर नाचू लागले. पोटरीला हा एवढा मुंगळा डसला होता!

"अगं पोरी, 'मुंगळा चढतोय' म्हणून सरळ सांगायचं ना!"

"दोनच शब्द, महाराज? आणि बाकीचे?"

"बाकीचे गेले चुलीत!"

"बघा हं, चुलीत आपणच घातलेत! मी एका तरी शब्दाला नाव ठेवलं का?"

राजे तसेच एका पायावर थांबले. मग राजांची मिशी हलली, पोट हललं आणि ते असे खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"जिंकलीस!" पोटरी चोळत ते बसले. बक्षीस द्यायचं म्हणून त्यांनी घसा खाकरला. "हे चातुर्यसंपन्ने, सुलक्षणी कन्यके, तुझ्या अलौकिक प्रज्ञेच्या..."

सगुणा फक्त त्यांच्या दुसऱ्या पायाकडे टक लावून बघत राहिली.

राजे पाय वर घेऊन ओरडले, "हलगी घे! सोन्याचं कडं घे! इथून पुढे प्रत्येक हुकूम आधी तुला ऐकवीन! आता सांग, पायावर काय आहे?"

"काही नाही!" सगुणा म्हणाली.