टेकडी बसली त्या दुपारची गोष्ट

भाविकहो, बैठे महाराज त्या वर्षी कोळवडी गावात होते. चैत्रात ते सोनबा कुंभाराच्या ओट्यावर टेकले, ते कार्तिक उजाडला तरी उठले नव्हते. "बसून जे होत नाही, ते उठून कुठं होतंय?" असे महाराज म्हणत. हेही बसूनच म्हणत.

सोनबाचे दोन्ही पाय लहानपणीच वाळले होते. चार लाकडी चाकांच्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत तो फिरे. मल्लनाथाच्या अभिषेकाचा मातीचा घट एकतीस वर्षे तोच घडवत आला होता. मल्लनाथ पद्मनगरीचा. जुन्या राजांची ती राजधानी, सात वेशींची, आणि मधोमध टेकडीवर देऊळ. देवाने सोनबाचे एकतीस घट पाहिले होते. सोनबाने देव एकदाही पाहिला नव्हता.

"महाराज, यंदाचा घट मीच घेऊन जाऊ का?" त्याने भीतभीत विचारले.

महाराज उठून उभे राहिले. एवढ्यावरच गावाने चमत्कार झाला म्हणून नारळ फोडले.

पाचव्या दिवशी दोघे पद्मनगरीत शिरले. इतर यात्रेकरू माना वर करकरून कमानी पाहत होते. फळीवरच्या सोनबाला मात्र वेशीच्या तळाशी, वीतभर उंचीवर कोरलेली हत्तींची रांग दिसली. प्रत्येकाचा चेहरा निराळा. एक तर चक्क जांभई देत होता!

"महाराज, हा एवढ्या खाली कुणासाठी हो कोरला असेल?"

"तुझ्यासाठी. किती वर्षं वाट बघतोय बिचारा. जांभई देईल नाही तर काय!"

टेकडीला तीनशे एकतीस पायऱ्या. देवापुढे डोलीत, घोड्यावर किंवा कुणाच्या खांद्यावर जायचे नाही, असा राजाचा जुना दंडक. तो पाळला जातो की नाही हे पाहायला पहिल्या पायरीशी त्र्यंबकभट उपाध्ये पाटावर बसलेले असत.

"घट ठेव आणि परत फिर," भटजी म्हणाले. "गुरव वर नेईल."

"भटजीबुवा, यंदा दर्शनाची फार इच्छा होती."

"पाय आहेत का?"

"आहेत की. चालत नाहीत एवढंच."

"मग असं कर, तुझ्या मडक्याला पाय फुटले की त्याच्या मागून ये!"

लोक खो खो हसले. सोनबाने घट उपरण्याने पोटाशी बांधला, पायऱ्यांकडे पाठ केली आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी मागे सरकू लागला. अकराव्या पायरीवर तळहात सोलवटले. ऊन डोक्यावर येत होते. अभिषेक बाराला, आणि वर अजून तीनशे वीस पायऱ्या. त्याने डोळे पुसले आणि पोटाशी बांधलेला घट सोडून पुढे केला.

"न्या हो कुणीतरी वर. माझ्यापायी देवाच्या आंघोळीचा खोळंबा नको."

हे ऐकले मात्र, महाराज पहिल्या पायरीशी आले. गोठ्यातल्या म्हशीला थोपटावे तसे त्यांनी टेकडीला थोपटले. म्हणाले, "किती वर्षं उभी आहेस गं बाई! बस जरा."

आणि काय सांगावे, टेकडी बसली! आधी पुढून, मग मागून, एक मोठा सुस्कारा टाकून. पायऱ्या मुकाट्याने जमिनीत गेल्या. देऊळ खाली येऊन थेट भटजींच्या पाटासमोर थांबले. चाकांना हिसका बसू नये म्हणून उंबरठाही बुडाला होता. सोनबा पुन्हा फळीवर बसला आणि घट घेऊन सरळ गाभाऱ्यात गेला.

आत गुरव समई पुसत होता. देवाभोवती एकतीस घट ओळीने मांडलेले होते. सोनबाने एकेक उलटा केला. प्रत्येकाच्या बुडाशी त्याच्याच अंगठ्याचा ठसा.

"अभिषेक झाला की हे तर तळ्यात सोडतात ना?" त्याने विचारले.

"दरवर्षी सोडतो," गुरव ओशाळून म्हणाला. "सकाळी बघावं तर परत इथंच. पहिल्यांदा वाटलं, मीच विसरलो. मग सांगायची लाज वाटली. लोक म्हणाले असते, पितो."

सोनबाने बत्तिसावा घट भरून देवाच्या मस्तकी ओतला. रडत होता, पण पाणी सांडू दिले नाही.

दारात त्र्यंबकभट थिजून उभे होते. "मूर्ती एवढीशी आहे?" ते पुटपुटले. यात्रेकरूंना ते पुरुषभर उंचीची सांगत.

"भटजीबुवा, तुम्ही शेवटचं कधी आला होता हो?" सोनबाने साधेपणाने विचारले.

"अकरा वर्षं झाली," भटजींचा आवाज खाली गेला. "गुडघे."

"अरेरे! मग आधी बोलायचं ना. महाराजांना म्हटलं असतं, दोघांना न्या."

भटजींच्या डोळ्यांना धार लागली. ते महाराजांच्या पायांकडे धावले. महाराज तोवर बसले होते आणि पाय त्यांनी मांडीखाली घेतले होते.

"हे नव्हेत, भटजी. ते."

भटजी वळले. गुडघे दोनदा कडाडले, आणि त्यांनी सोनबाच्या वाळलेल्या पायांवर डोके ठेवले.

"अहो, असू द्या, असू द्या!" सोनबा कानकोंडा झाला. आपले पाय कुणाच्या कामी येतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

"आवरा आता," महाराज म्हणाले. "तिला फार वेळ बसायची सवय नाही."

पण भटजी डोके उचलेनात. अर्धे कारण गुडघे होते. उरलेले अर्धे मात्र खरे होते.