कवडसा कुणावर

“…मग त्या प्रल्हादात असं काय आहे, चाचा, जे माझ्यात नाही?”

लालखाँ चाचा लेण्याच्या पायरीवर बसून आरसा पुसत होते. पुसतच राहिले.

भिवसनच्या अंगाचा तिळपापड झाला. होणारच की! तो आणि प्रल्हाद, दोघेही चाचांच्याच हाताखाली लेणी दाखवायला शिकलेले. आता चाचांना दिसेनासं झालं होतं. त्यांचं नाव विचारत लांबून येणारी माणसं यापुढं एकाकडेच जाणार होती. कुणाकडे, ते म्हातारा सांगत नव्हता.

त्यात आज सांगलीहून दिवाळीच्या सुट्टीला आलेलं डॉक्टर जोडपं. गाडीतून उतरल्या उतरल्या बाई म्हणाल्या, “प्रल्हाद कोण? आम्हाला तोच हवाय.”

भिवसन समोरच उभा होता. नवा सदरा घालून!

“माझा आवाज त्याच्यापेक्षा खणखणीत आहे,” तो म्हणाला. “माहिती मला जास्त. मग सगळे त्याच्याच मागं का? सांगा ना!”

“सांगतो,” चाचा म्हणाले. “आज आरसा तू धर.”

“मी?… त्याच्यासाठी?”

चाचांनी आरसा पुढं केला.

आतल्या बुद्धाला उजेड दाखवायची चाचांची हीच रीत. बॅटरी त्यांना चालत नसे. एकानं अंगणात उन्हात उभं राहून आरशानं मूर्तीवर कवडसा टाकायचा, दुसऱ्यानं आत पाहुण्यांना गोष्ट सांगायची. आरसेवाल्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही.

भिवसननं दात-ओठ खात आरसा धरला. काळ्याकुट्ट गाभाऱ्यात बुद्धाचा चेहरा उजळला.

“अहो, बघा तरी!” बाई हरखल्या.

प्रल्हाद हळू आवाजात बोलू लागला. आता हा काय बोलतोय? बाई कशाला हसल्या? डॉक्टर एवढी मान काय डोलावतायत? माझीच वाक्यं ढापतोय मेला! भिवसनची नजर दारातून आत घुसली ती प्रल्हादवर चिकटली, हलेना.

कवडसा बुद्धाच्या गालावरून घसरला. खांद्यावर आला. खांबावर आला…

भिवसनला पत्ताच नाही.

आणि मग सगळा उजेड प्रल्हादच्या तोंडावर. त्या अंधारात तोच तेवढा झळाळत होता. तो बिचारा डोळ्यांवर हात धरून बोलत राहिला. पाहुण्यांची तोंडं मूर्तीकडून त्याच्याकडं वळली.

“थांबा हं, तुमचाच एक फोटो घेते,” बाई म्हणाल्या.

जाताना डॉक्टरांनी प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली. “आमच्या सगळ्या मित्रांना तुझंच नाव सांगणार बघ.”

गाडी गेली. प्रल्हाद तिला रस्ता दाखवायला फाट्यापर्यंत गेला.

भिवसन तरातरा पायरीपाशी आला. डोळे भरून आले होते. रागानं म्हणा, नाहीतर कशानं म्हणा.

“ऐकलंत ना, चाचा? एवढा बुद्ध समोर, तो राहिला बाजूला! सगळे त्याच्याकडंच बघत होते. फोटोसुद्धा त्याचाच!”

“हं.”

“लोकांना दुसरं काही दिसतच नाही का हो? सारखं आपलं प्रल्हाद, प्रल्हाद!… करतो तरी काय हा?”

चाचा चाचपडत उठले. भिवसनच्या मुठीत आरसा अजून तसाच होता. चाचांनी ती मूठ दोन्ही हातांत घेतली.

“तो कशाला काय करील, बाळा?… आरसा तर तुझ्या हातात होता.”