निर्मळे

माणसाला अजून जंगलाची वाट ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एकदा रानात मरी आली आणि जागोजागी मढी पडली. गिधाडांनी ती फस्त केली, म्हणून झरा नासला नाही आणि बाकीचे जगले. रानानं गहिवरून गिधाडांना नाव दिलं, 'निर्मळे'.

पुढे मरी सगळे विसरले. गिधाडांनी सगळ्यांच्या मागून, झऱ्याच्या खालच्या अंगालाच पाणी प्यायचं, हा रिवाज मात्र कुणी विसरलं नाही. हळूहळू माकडिणी पोरांना दटावू लागल्या, "अंग धू मेल्या, निर्मळ्या कुठला!"

म्हातारी गोजरा गिधाडीण सभेपुढे गेली. त्या नावापायी तिच्या नातीनं घरट्याबाहेर पडणंच सोडलं होतं. पुढारी सांबराला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "आजपासून तुम्ही 'वनसेवक'. जुनं नाव कुणी उच्चारायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. गोजराचे डोळे भरून आले.

पावसाळा सरायच्या आत तिनं झऱ्यावर ऐकलं, "शी! वनसेवकासारखी घाण येतेय तुझ्या अंगाला."

ती पुन्हा सभेत उभी राहिली. "सांबरदादा, दोन्ही नावं चांगलीच होती हो. तुमच्या तोंडात गेली अन् नासली. आता नाव नको. माझ्या नातीला एकदा वरच्या अंगाला, तुमच्या शेजारी पाणी पिऊ द्या."

सांबर खाकरला आणि म्हणाला, "तिसरं एखादं चांगलंसं नाव सुचवा रे कुणीतरी."