सरदारांची बोलती बंद

“तलवार अशी हवी, की पाहताच माझी बोलती बंद झाली पाहिजे! पाहताना तोंडून एक शब्द जरी निघाला, तर तुझी भट्टी कायमची विझली म्हणून समज!”

जपानातल्या एका डोंगराळ मुलखाचे सरदार तोरिगाए यांनी असं फर्मावलं आणि गेनजिरो लोहाराला घाम फुटला. सरदार जेवताना बोलत, घोड्यावर बोलत, झोपेतही बोलत. मागच्या लोहाराच्या तलवारीला ते सकाळी जे नावं ठेवू लागले, ते दिवेलागणीला थांबले. तो बिचारा मुलूखच सोडून गेला.

गेनजिरोनं हिवाळाभर घण घातले. तलवार तयार झाली, पण वाड्यावर जायच्या दिवशी त्याला घास गिळवेना.

“बाबा, पातं चांगलं झालंय ना?” त्याच्या लेकीनं, ओशिनोनं विचारलं.

“याहून चांगलं माझ्या हातून होणार नाही, पोरी. पण ते गप्प बसतील होय!”

“मग खा दोन घास. तलवार मी दाखवते. तुम्ही नुसते मागे बसा.”

दरबार भरला. पडद्याआड सरदारांच्या पत्नी, बाईसाहेब, येऊन बसल्या. ओशिनोनं चार बोटं पातं म्यानाबाहेर काढलं. त्यावरून उजेड पाण्यासारखा सरकला. सरदार पुढे झुकले, त्यांनी तोंड उघडलं...

“थांबा सरकार! आधी ओठांत कागद धरा. उघड्या पात्यावर थुंकी उडाली तर गंज चढतो. आपली जुनी रीतच आहे. हां, तलवार टाकाऊ वाटत असेल, तर खुशाल बोला!”

सरदारांनी पात्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग अंगरख्यात खोचलेला घडीचा कागद काढून ओठांत धरला आणि तलवार हातात घेतली.

भुवया वर गेल्या. गाल फुगले. “म्म्म!”

“मूठ नाही आवडली, सरकार?”

“म्म्म्म!”

“पातं वाकडं आहे?”

सरदारांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही!

“मग जो काही दोष असेल तो आत्ताच सांगा. आम्ही ऐकतोय!”

दिवाणजींनी हसू दाबायला तोंडात बाहीच कोंबली.

शेवटी सरदारांनी तलवार हळूच रेशमी कापडावर ठेवली, चार पावलं मागे सरले आणि कागद काढून गरजले, “लबाड पोरी! माझं तोंड कागदानं बंद केलं, तलवारीनं नाही! विझवा हिच्या बापाची भट्टी!”

गेनजिरोचं कपाळ चटईला टेकलं. ओशिनो मात्र जागची हलली नाही.

“सरकार, कागद तर रोजच तुमच्या अंगरख्यात असतो. मागची तलवार पाहताना का नाही धरलात?”

“त्या लोखंडाच्या पट्टीसाठी? ती गंजली काय नि राहिली काय!”

“आणि हिच्यासाठी?”

सरदारांनी तलवारीकडे पाहिलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. या वेळी ओठांत कागद नव्हता, तरी शब्द फुटेना!

मग ते पोट धरून हसू लागले, तेही मान पार मागे वळवून. न जाणो, तलवारीवर थुंकी उडायची!

“गेनजिरो, ऊठ! भट्टी तुझ्या नावावर, आणि जन्मभर कोळसा माझ्याकडून!”

तेवढ्यात पडद्याआडून बाईसाहेब म्हणाल्या, “ओशिनो, माझंही एक काम घे. तुझ्या बाबांकडून असेच सुंदर खंजीर घडवून आण. चांगले डझनभर! सरकारांना रोज जेवणानंतर एकेक पाहायला देईन म्हणते!”