मिठाचा दगड

एकदा एका शेळ्या राखणाऱ्या बाईचे म्हणणे कुणी खरे मानले नाही. कारण काय, तर तिच्या हातात काठी होती, यंत्र नव्हते.

तिच्या काळ्या, रखरखीत माळावर एक वृद्ध आचार्य शिष्याला घेऊन आले. तिथले दगड मंगळावरच्या दगडांसारखे, म्हणून मंगळाच्या अभ्यासाचा सराव इथे. शिष्याच्या हातातले यंत्र दगडाला टेकवले की ठिणगी उडे आणि तिच्या प्रकाशावरून दगडात काय आहे ते कळे. एका सपाट दगडावर यंत्राने मीठ दाखवले. शिष्य हरखला. "इथे पूर्वी खारे तळे असणार!" त्याने दगडाभोवती दोरी बांधली आणि त्या उतारावर शेळ्यांना बंदी केली.

"आरं बाबा, ते मीठ माझं हाय," बाई म्हणाली. "दर आइतवारी शेळ्यांना चाटाया ठेवते. माझी आईबी तिथंच ठेवायची."

"मावशी, यंत्र खोटे बोलत नाही."

"मग मी बोलते व्हय?"

तीनदा सांगून झाले. शिष्याने वहीत लिहिले, 'स्थानिक बाईची माहिती अविश्वसनीय.' चराई तर गेलीच, वर खोटेपणाचा डाग.

दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवायचा होता. आचार्यांनी सकाळी दोरी सोडली, लांब जाऊन बसले आणि म्हणाले, "बाई, शेळ्या सोडा."

"गुरुजी, नमुना नासेल!"

तीस शेळ्या उतरल्या. शेकडो दगड ओलांडून त्याच एका दगडाला भिडल्या आणि चाटू लागल्या. बोकडाने तर यंत्राच्या पेटीवरच पुढचे पाय दिले. बाई कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली.

आचार्य म्हणाले, "यंत्राने मीठ वाचले, ते खरेच. मीठ आले कुठून, हे ते सांगत नाही. मंगळावर विचारायला कुणी नाही, तिथे आपला नाइलाज आहे. इथे सांगणारी तीनदा सांगून गेली."

"ते ऱ्हाऊ द्या," बाई कडाडली. "मला खोटी पाडली कुणी, त्याचं नाव वहीत लिहा. चौथी शिकलेय मी, वाचून बघीन."

शिष्याने मान खाली घातली. "माझे लिहा."

"नाही. माणसाचे ऐकू नकोस, यंत्राचे ऐक, हा धडा तुला मीच दिला." आचार्यांनी ती ओळ खोडली, खाली स्वतःचे नाव लिहिले आणि वही बाईपुढे धरली.

बाईने बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून, साऱ्या माळाला ऐकू जाईल असे वाचले: "त्र्यंबक गोविंद सोवनी."