भिंतीवरचं बटण

“म्हणजे ही एवढी इमारत श्वास घेते, तोही तुझ्याच हुकमानं?”

मुजावर सर काठी टेकून संगणकाच्या पडद्यांनी भरलेल्या भिंतीकडं बघत होते. अभिनंदनची छाती फुगली. मिरजेच्या तंत्रनिकेतनात ज्यांनी त्याला वायर सोलण्यापासून सगळं शिकवलं, त्या सरांना त्यानं मुद्दाम पुण्याला आणलं होतं. आपलं राज्य दाखवायला.

“हुकूमसुद्धा लागत नाही, सर. खोलीत माणसं वाढली, हवा कोंदली, की यंत्राला आपसूक कळतं. ते बाहेरची ताजी हवा आत घेतं. उजेड कमी झाला की दिवे लावतं. पंप, लिफ्ट, दारं... कुठं काही बिघडलं, तर इथं लाल दिसतं.”

“आणि माणसांना काही सांगायचं असलं तर?”

“माणसं नुसती भांडतात, सर! एकाला गारठा, शेजारच्याला उकाडा. म्हणून खोल्याखोल्यांत गारवा कमी-जास्त करायला बटण देऊन टाकलं. आता एक तक्रार येत नाही.”

“शाब्बास रे,” सर म्हणाले.

त्या शाब्बासकीपुढं खरी गोष्ट सांगायला त्याची जीभ रेटेना. बटणं कशालाच जोडलेली नव्हती. दाबलं की हिरवा दिवा लागायचा, बस्स.

सरांना पाहुण्यांच्या खोलीत बसवून तो चहाचं सांगायला गेला. परत आला, तो काचेच्या दाराबाहेरच थबकला.

सर भिंतीपाशी उभे होते. गारठलेल्या बोटानं त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. सर खुर्चीवर येऊन बसले, हात काखेत धरले, आणि भरवशानं वाट बघू लागले.

थोड्या वेळानं उठले. पुन्हा दाबलं...

अभिनंदनला बघवेना. तो धावतच आत शिरला. अंगातला कोट काढून त्यानं सरांच्या खांद्यावर घातला आणि त्यांच्या खुर्चीपाशी खालीच बसला.

“सर... ते बटण...”

“हं?”

“कशालाच जोडलेलं नाही, सर. नुसता दिवा लागतो. माणसांनी गप्प बसावं म्हणून मीच...”



सरांनी कोट अंगाभोवती ओढून घेतला. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“नाही कसं, वेड्या? मी दाबलं... आणि तू आलास की.”