येसूचा लंगडा राघू

बोरमाळाला जायला गाडीवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथं तुंगाक्का नावाची बाई होती. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्याचा कशिदा काढावा तर तिनंच. कापडाचे धागे मोजत सुई एक टाका घेई, एक सोडी आणि परत येताना सोडलेले टाके भरून काढी. गाठ कुठं दिसायची नाही, उलटं कुठलं नि सुलटं कुठलं ते कळायचं नाही. जीभ मात्र सुईपेक्षा तिखट. कुणाचा टाका चुकला की सगळं उसवायला लावी. बायका तिला बघून वाट बदलत, असं म्हणतात.

बोरमाळात घरटी एक नक्षी. आईनं ती लेकीला शिकवायची, शेजारणीनं उचलली तर ती चोरी. नवरी सासरी निघाली की ओटीचा रुमाल त्याच नक्षीचा. सासरच्या बायका रुमाल बघूनच पोर कुणाची ते ओळखत.

आता भैरूची सारजा. आई येसू गेली तेव्हा पोर पाळण्यात. नक्षी शिकवणार कोण? लग्न ठरलं, पेटी उघडली, तर येसूचा रुमाल कोरा! हिरडा आणि गंजलेल्या लोखंडाच्या पाण्यात भिजवलेला तो दोरा. रंग काळाकुळकुळीत, पण वर्षं गेली की रंगच दोऱ्याला खातो. हात लावला तशी पेटीत काळी भुकटी सांडली. शेजारणी म्हणाल्या, आमची नक्षी घे. सारजा रडत म्हणाली, "माझ्या आईचं काहीतरी हवंय मला. दुसऱ्याच्या आईचं घेऊन काय करू?"

ती रुमाल घेऊन तुंगाक्काकडं गेली. तुंगाक्कानं कापड उन्हात धरलं. दोरा गेला होता, पण सुईची भोकं होती की! सारवलेल्या अंगणात उन्हाचे बारीक ठिपके पडले. तुंगाक्कानं पोरीला रुमाल धरायला लावला आणि एकेका ठिपक्यावर चिमूटभर रांगोळी सोडत गेली. काम संपेपर्यंत सूर्य जागचा हलला नाही, असं म्हणतात. कोंबड्या खुराड्यात जायच्या विसरल्या. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मी आपलं ऐकलेलं सांगते.

ठिपके जोडले तर निघाला राघू. पण त्याचा एक पाय एक धागा बाहेर. तुंगाक्का ती! तिला कुठलं खपतंय? नव्या रुमालावर तिनं पाय नीट केला. दोरा परत फिरला आणि त्या पायाशी येऊन अडला, शेवटची फट काही भरेना. उसवलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच.

"ही येसू मेली तरी माझं ऐकत नाही," तुंगाक्का करवादली. शेवटी वैतागून तिनं येसूनं घातली होती तिथंच, एक धागा बाहेर, सुई घातली. दोरा सुरसुर धावला आणि निघाला तिथं बिनबोभाट येऊन थांबला.

सारजानं रुमालावरून बोट फिरवलं. "आक्का, आईचा राघू असाच लंगडा होता?"

"असाच. आणि तो तसाच राहील," तुंगाक्का म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांचं उसवणारी ती बाई त्या दिवशी पदर डोळ्यांना लावून पोटभर रडली, आणि मग दोघींनी गूळपोळी खाल्ली. सारजा सासरी गेली ती मान वर करून.

तुंगाक्का पुढं म्हातारी होऊन सुखानं गेली. सुई ओवता ओवताच गेली, असं म्हणतात.

बोरमाळात आजही एखादी आई लहान लेक मागं ठेवून गेली, की दिवसकार्य उरकल्यावर गावच्या बायका तुंगाक्काचं नाव घेऊन त्या घरी बसतात. चोरी बिरी कुणी म्हणत नाही. गेलेलीचा रुमाल समोर ठेवून, दोरा झडायच्या आत, नव्या कापडावर टाक्याला टाका उतरवतात आणि पोरीच्या नावानं जपून ठेवतात. सगळ्यात म्हातारी बाई शेजारी बसून एवढंच बघते, की आईची एकही चूक कुणी सुधारत तर नाही ना.